उठून उभे राहण्याचे बळ

कचेरीतील किंवा शाळेतील निरोपसमारंभाचा विधी आता इतका ठरून गेला आहे की, त्यातील भाषणे न ऐकताही सांगता यावीत. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, क्वचित सहकाऱ्यांनी वर्गणी काढून घेतलेली आरामखुर्ची. आणि प्रत्येक वक्त्याच्या तोंडी एकच सदिच्छा : ‘आयुष्यभर खूप राबलात, आता विश्रांती घ्या.’ सत्कारमूर्तीनेही तोवर आपला सारा हिशेब मांडून ठेवलेला असतो. भविष्यनिर्वाह निधीचे किती येणार, उपदान किती, निवृत्तिवेतनाच्या किती भागाचे अंशराशीकरण करायचे, घराचे हप्ते केव्हा फिटणार, हे सारे पैपर्यंत ठाऊक असते. एक शिल्लक मात्र या हिशेबात कोणीच धरलेली नसते. ती मांड्यांतील, पाठीतील आणि दंडांतील बळाची. वस्तुतः पुढील आयुष्य कसे जाणार, हे बँकेतील शिलकीइतकेच या शिलकीवर अवलंबून असते.

साठी गाठलेल्या भारतीयाला सरासरीने आणखी सुमारे १८ वर्षांचे आयुष्य लाभते. स्वातंत्र्यप्राप्तीच्या वेळी जन्माला येणाऱ्या बालकाचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आता ते ७० च्या घरात आले आहे. हे यश लहान नव्हे. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील नागरिकांची संख्या १० कोटींच्या वर गेलेली होती आणि महाराष्ट्रात तर दर दहा माणसांमागे जवळजवळ एक जण साठीच्या पुढचा होता. पण आयुर्मानाचे आकडे फक्त वर्षे मोजतात. ती वर्षे माणसाने पायांवर काढली की पलंगावर, हे त्यांत दिसत नाही. देशाचे एकूण उत्पन्न वाढल्याने ते कोणाच्या घरी गेले हे जसे कळत नाही, तसाच हा प्रकार आहे.

स्नायूंची झीज तिशी-चाळिशीतच सुरू होते आणि साठीनंतर तिचा वेग वाढतो. या झिजेला वैद्यकशास्त्रात नावसुद्धा फार उशिरा मिळाले. अमेरिकेतील आहारशास्त्रज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली ग्रीक शब्दांवरून ‘सार्कोपेनिया’ ही संज्ञा सुचवली. मांस उणे होणे, असा तिचा साधा अर्थ. तोवर म्हातारा माणूस वाळतो, वाकतो, पडतो, हे पिकले पान गळावे इतके स्वाभाविक मानले जात होते. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, स्नायूंचे आकारमान ज्या गतीने घटते त्याहून अधिक गतीने त्यांचे बळ घटते. त्यातही झटकन आकुंचन पावणारे तंतू आधी जातात. ठेच लागल्यावर पाऊल चटकन पुढे टाकून तोल सावरायचा असतो, तेव्हा कामास येतात ते हेच तंतू. तरुण माणूस ठेचकाळतो आणि वृद्ध माणूस पडतो, यातील फरक बहुतांशी इथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी ६,८४,००० माणसे पडून मृत्यू पावतात आणि त्यांत सर्वाधिक प्रमाण साठीनंतरच्यांचे असते.

ही झीज दीर्घ काळ जाणवत नाही, हीच तिची खरी अडचण. निसर्गाने शरीराला गरजेपेक्षा कितीतरी अधिक राखीव बळ दिलेले असते. विशीतल्या तरुणाला खुर्चीतून उठण्यासाठी मांड्यांच्या ताकदीचा लहानसा अंश पुरतो. म्हणून पन्नाशीत त्यातील बराच भाग खर्ची पडला तरी खुर्चीतून उठणे पूर्वीइतकेच सहज असते. ऐंशीच्या घरातील अशक्त माणसाला मात्र त्याच क्रियेसाठी आपले जवळजवळ सारे बळ पणाला लावावे लागते. तो खुर्चीच्या हातांवर भार देतो, पुढे झुकतो, एकदोनदा हेलकावे घेतो आणि उठतो. उठतो म्हणून कोणाला काही वाटत नाही. मग एखादा न्यूमोनिया येतो, दहा दिवस अंथरुणात जातात, आणि अकराव्या दिवशी तो उठू शकत नाही. घरचे म्हणतात, ‘आजाराने खचले.’ आजार निमित्तमात्र असतो. ठेव आधीच संपत आलेली होती.

अंथरुणातील दहा दिवस म्हणजे नेमके किती, याचा हिशेबही झालेला आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी स्त्रीपुरुषांना १० दिवस बिछान्यात ठेवण्यात आले. तेवढ्या अवधीत त्यांच्या पायांचे जवळजवळ एक किलो मांस घटले. ही माणसे आजारी नव्हती, त्यांना फक्त विश्रांती दिली होती. याहून जुना आणि अधिक प्रसिद्ध प्रयोग डॅलस येथील १९६६ चा. विशीतील पाच तरुणांना तीन आठवडे झोपवून ठेवून त्यांची श्रमक्षमता मोजण्यात आली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावून तपासले, तेव्हा असे आढळले की, तीस वर्षांच्या वयोमानाने त्यांची जितकी हानी केली होती, त्याहून अधिक हानी त्या तीन आठवड्यांच्या विश्रांतीने केली होती. निरोपसमारंभातील सदिच्छेचा पुनर्विचार करण्यास एवढा पुरावा पुरेसा व्हावा.

गेलेले बळ परत येते काय?

झीज अटळ असेल तर तिच्याविषयी शोक करण्यात अर्थ नाही. पण ती अटळ नाही, निदान जितकी मानली जाते तितकी नाही. याचा निर्णायक पुरावा मिळाला तो बॉस्टन येथील एका वृद्धनिवासात. डॉ. मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील १० अशक्त रहिवाशांना व्यायाम देण्याचे ठरवले. त्यांचे सरासरी वय ९० होते आणि त्यांतील वयाने सर्वांत मोठी व्यक्ती ९६ वर्षांची होती. व्यायाम म्हणजे हातपाय हलवणे नव्हे. ज्याला जितके वजन पायाने जास्तीत जास्त उचलता येई त्याच्या ८० टक्के वजन, आठवड्यातून तीनदा, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आठ आठवडे हा क्रम चालला. एकाने मध्येच सोडले; उरलेल्या नऊ जणांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी काठी टाकली. हे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले तेव्हा अनेक तज्ज्ञांनाही आपल्या समजुती तपासून पाहाव्या लागल्या. चार वर्षांनी त्याच संशोधकांनी १०० रहिवाशांवर अधिक काटेकोर प्रयोग केला. त्यात व्यायामाने बळ, चालण्याचा वेग आणि जिना चढण्याची शक्ती ही तिन्ही वाढली. नुसता पौष्टिक पेयाचा पुरवठा ज्यांना केला होता, त्यांना मात्र काहीच लाभ झाला नाही. टॉनिकच्या बाटल्यांनी भरलेल्या आपल्याकडील कपाटांनी या दुसऱ्या निष्कर्षाची दखल घ्यायला हरकत नाही.

पहिल्या प्रयोगाचे एक उपाख्यान आहे. व्यायाम थांबवल्यावर अवघ्या चार आठवड्यांत मिळवलेल्या ताकदीला मोठी गळती लागली. सुमारे ३२ टक्के घट झाली. त्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

नव्वदीतील माणसाचे स्नायू शिक्षणक्षम असतात, हे एकदा मान्य केले की, शंभरीतील धावपटूंच्या कौतुककथांची गरज उरत नाही. फौजा सिंग यांनी २०११ साली टोरांटोची मॅरेथॉन पुरी केली, मान कौर यांनी ९३ व्या वर्षी धावायला आरंभ करून शंभरी ओलांडल्यावर ऑकलंडमध्ये सुवर्णपदक मिळवले, ही उदाहरणे थोर खरीच. पण अपवादाची गोष्ट ऐकून सामान्य माणूस टाळी वाजवतो आणि आरामखुर्चीत परत टेकतो. बॉस्टनच्या त्या नऊ जणांत असामान्य असे काहीच नव्हते, आणि म्हणूनच त्यांची कथा अधिक मोलाची आहे.

आपल्याकडे वृद्धांचा व्यायाम म्हटला की, तो फिरण्यापाशी सुरू होऊन फिरण्यापाशीच संपतो. याला इतिहास आहे. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना करून दाखवून दिले की, दिवसभर जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होतो. व्यायामविषयक आधुनिक संशोधनाचा पाया तिथे घातला गेला आणि पुढे कित्येक दशके सारे लक्ष हृदयावर राहिले. हृदयासाठी चालणे उत्तम, यात वाद नाही. पण नेहमीच्या सपाट रस्त्यावरून गप्पा मारीत घातलेल्या फेरीने मांड्यांचे बळ फारसे वाढत नाही आणि तोलही सुधारत नाही. पडण्याला प्रतिबंध करणाऱ्या व्यायामांवरील शंभराहून अधिक प्रयोगांचा जो एकत्रित आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यात तोल आणि रोजच्या हालचाली यांवर भर देणाऱ्या व्यायामांनी पडण्याचे प्रमाण सुमारे चतुर्थांशाने घटल्याचे दिसते. नुसत्या चालण्याबद्दल असे खात्रीने म्हणता आले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूत्रांत म्हणूनच पासष्टीनंतरच्यांसाठी चालण्याखेरीज आठवड्यातून निदान दोनदा बळाचे आणि तीनदा तोलाचे व्यायाम सांगितले आहेत.

जमिनीवरून खुर्चीवर

या बाबतीत मराठी घराने गेल्या दोन पिढ्यांत काय गमावले, ते पाहण्यासारखे आहे. पाटावर बसून जेवायचे, जमिनीवर बसून निवडायचे-टिपायचे, उकिडवे बसून भांडी घासायची, अंथरूण रोज घालायचे आणि रोज काढायचे. यांपैकी कशालाही कोणी व्यायाम म्हटले नाही, पण दिवसातून वीस-पंचवीस वेळा शरीराचे सारे वजन जमिनीवरून उचलले जात होते. जेवणाचे टेबल आले, ओटा आला, पलंग आला, पाश्चात्त्य पद्धतीचे शौचकूप आले, आणि उठण्या-बसण्याची ही उलाढाल निमूटपणे बंद पडली. ब्राझीलमधील संशोधक क्लॉडिओ अराउजो यांनी ५१ ते ८० वर्षे वयाच्या २००२ स्त्रीपुरुषांना हाताचा वा गुडघ्याचा आधार न घेता जमिनीवर बसून उठायला सांगितले, प्रत्येक आधाराला एक गुण कापला आणि नंतर काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्यांना अगदी कमी गुण मिळाले त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण उत्तम गुण मिळवणाऱ्यांच्या पाचपटींहून अधिक आढळले. उठता न येणे हे मृत्यूचे कारण, असा याचा अर्थ अर्थातच नव्हे. दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. पण शरीराच्या एकूण स्थितीचे ते एक विश्वसनीय गमक आहे एवढे निश्चित. मराठी माणूस ही परीक्षा पंगतीत रोज देत होता.

मात्र जुन्या घराचे गोडवे गाताना एक भान ठेवले पाहिजे. जाते, पाटा-वरवंटा आणि विहिरीचा रहाट यांनी ज्यांच्या पाठी मोडल्या त्या स्त्रिया होत्या, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. पिठाची गिरणी आल्याचे दुःख करणारा लेखक बहुधा पुरुष असतो. श्रम आणि व्यायाम या भिन्न वस्तू आहेत. व्यायामात भार मोजूनमापून वाढवला जातो, मध्ये विसावा असतो आणि वर आहार असतो. उसाच्या फडात चाळीस वर्षे कोयता चालवलेल्या बाईच्या वाट्याला यांतले काही येत नाही. खत न घालता वर्षानुवर्षे पीक काढलेल्या जमिनीसारखी तिच्या शरीराची स्थिती होते. तेव्हा ‘कष्ट करणाऱ्याला व्यायाम कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर वरवर वाटते तितके सोपे नाही. आणि तिला व्यायामाचा उपदेश करण्यापूर्वी तिच्या ताटात डाळ, अंडे, दूध येईल अशी तजवीज करावी लागेल. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयोगटासाठी केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये आहे. एवढ्यात महिन्याचे दूधही येत नाही.

शहरी मध्यमवर्गाची गोष्ट वेगळी. तिथे अडचण पैशाची नसून समजुतीची आहे. वयाबरोबर आहार हलका करावा, ही त्यांपैकी एक समजूत. वरणभातावर आणि चहा-बिस्किटांवर दिवस काढणाऱ्या आजींचे कौतुक होते. प्रत्यक्षात उतारवयात प्रथिनांची गरज कमी न होता वाढते. दुसरी समजूत गुडघ्यांची. गुडघा दुखतो म्हणून पाय हलवायचा नाही, न हलवल्याने मांडी वाळते, मांडी वाळल्याने सारा भार सांध्यावर येतो, आणि गुडघा अधिक दुखतो. गुडघ्याच्या संधिवातावर मांडीचे स्नायू बळकट करणे हा आता जगभर प्राथमिक उपचार मानला जातो. हृदयविकार वा तीव्र वेदना असलेल्यांनी वैद्याचा सल्ला घ्यावा, हे ओघानेच आले. तिसरी समजूत लज्जेची. सत्तर वर्षांची बाई बागेत हळूहळू चालली तर कोणी वळून पाहत नाही; तिने बैठका काढल्या तर पाहतात. २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते, पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के. आणि स्त्रिया पुरुषांहून अधिक वर्षे जगतात.

खरे तर बळाची उपासना हा महाराष्ट्राला परका विषय नव्हे. गावोगावच्या तालमी आणि त्यांतले मारुती, अमरावतीचे १९१४ साली स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, बडोद्यात मराठीत सिद्ध झालेला व्यायामज्ञानकोश, ही परंपरा कोणालाही अभिमान वाटावा अशी आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार हे आयुष्यभराचे व्रत केले. ते १८६८ साली जन्मले आणि १९५१ पर्यंत जगले. पण या चळवळीची नजर तरुणांवर होती. पारतंत्र्यात असलेल्या देशाला सशक्त युवक हवे होते आणि त्या काळी साठी गाठणारेच थोडे होते, म्हणून तो दोष म्हणता येत नाही. परिणाम एवढाच झाला की, जोर, बैठका, जोडी हे शब्द तारुण्याशी बांधले गेले. वस्तुतः बॉस्टनच्या संशोधकांनी जे तत्त्व यंत्रावर वापरले ते कोणत्याही वस्तादाला ठाऊक होते : आज जेवढे झेपते त्याहून किंचित अधिक उद्या. सत्तरीतील माणसासाठी ही बैठक खुर्चीवरून उठण्याची असेल, जोर भिंतीला हात टेकून होतील, ओट्याला धरून टाचा उचलाव्या लागतील, एका पायावर उभे राहताना दाराची चौकट जवळ असेल. पिशवीतील धान्याचे वजन दर पंधरवड्याला थोडे वाढवता येईल. साहित्याचा खर्च नगण्य आहे. लागतो तो शिकवणारा आणि चुका दुरुस्त करणारा, कारण घरी एकट्याने आरंभलेला व्यायाम बहुधा पहिल्या पंधरवड्यातच बंद पडतो.

इथे प्रश्न सार्वजनिक खर्चाकडे वळतो. वृद्धांच्या आरोग्यावर शासन खर्च करीत नाही, असे म्हणता येणार नाही. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेखाली ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले. त्याच वर्षी महाराष्ट्राने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. पासष्टीनंतरच्या गरजूंना काठी, चाकांची खुर्ची, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा अशा साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये मिळतात. योगोपचाराचा उल्लेखही त्या योजनेत आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि पैशाचा ओघ कोणत्या दिशेला आहे ते स्पष्ट दिसते. खुब्याचे हाड मोडल्यावर शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात, चालता येईनासे झाल्यावर खुर्चीचे पैसे मिळतात; हाड मोडू नये आणि पाय चालत राहावेत यासाठी आधीची दहा वर्षे जवळजवळ कोरडी आहेत. आणि जो खर्च कोणत्याच वहीत लिहिला जात नाही, तो निराळाच. घरातले माणूस अंथरुणाला खिळले की, नोकरी सोडते ती बहुधा सून किंवा मुलगी. तिचे बुडालेले वेतन, खंडित झालेली सेवा आणि तिचे स्वतःचे घटलेले निवृत्तिवेतन यांची बेरीज राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात कुठेच होत नाही.

उणीव मनुष्यबळाची नाही. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन शिक्षकाच्या जागेची वाट पाहणारे तरुण राज्यात हजारोंनी आहेत. नगरपालिकांची विरंगुळा केंद्रे आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, संध्याकाळी रिकामी पडणारी शाळांची सभागृहे आहेत. केंद्रात वर्तमानपत्रे, कॅरम आणि भजनाची पेटी असते. तिथेच भिंतीला एक कठडा, दहा भक्कम खुर्च्या आणि थोडी वजने ठेवून आठवड्यातून तीन संध्याकाळी एक प्रशिक्षित शिक्षक नेमला, तर त्याचे वर्षाचे मानधन खुब्याच्या मोजक्या शस्त्रक्रियांच्या खर्चात भागून जाईल.

असे होत नाही, याचे कारण अंदाजपत्रकाच्या रचनेत शोधावे लागते. बागेतील खुली व्यायामशाळा ही भांडवली खर्चाची बाब आहे. तिची निविदा निघते, तिचे उद्घाटन होते, तिच्यावर नगरसेवकाच्या नावाची पाटी बसते. त्यातील बरीचशी यंत्रे अशी की, वजन वाढवण्याची सोयच त्यांत नसते. मुले त्यांवर झोके घेतात आणि दोन पावसाळ्यांत ती गंजतात. शिक्षकाचे मानधन हा महसुली खर्च; तो दर वर्षी मंजूर करावा लागतो आणि त्यावर कोणाचीच पाटी लागत नाही. काटकसरीची वेळ आली की, कात्री प्रथम तिथेच चालते. बॉस्टनच्या वृद्धनिवासात व्यायाम थांबल्यानंतर चार आठवड्यांत काय झाले ते वर आलेच आहे. तीन महिन्यांचे शिबिर घेऊन, प्रमाणपत्रे वाटून आणि छायाचित्रे काढून मिटणारे हे काम नाही. पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकांची कामे नगरपालिकांत हिवाळ्यातच सुरू होतात, आणि नागरिकांच्या सूचना पोचायच्या तर त्या तेव्हाच पोचाव्या लागतात.